डावीकडून आलेला हात : रावेर तालुक्यातील एका कुटुंबाचा ऑनलाइन उपचार

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात दुपारचा पारा ४४ अंशांच्या पुढे गेलेला असताना, पंधरा वर्षांची एक मुलगी ओसरीवर स्वेटर घालून बसत होती. घरच्यांना ते विचित्र वाटले, पण घाबरण्यासारखे वाटले नाही. अंगात कणकण असेल म्हणून आईने थर्मामीटर लावला, तर ताप नव्हताच, उलट तापमान नेहमीपेक्षा खाली होते. हात थंडगार, नखे निळसर आणि दंडावर बारीक लव आलेली होती. आजींनी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली आणि मुलगी पुन्हा स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी पोळ्या लाटायला गेली.

हे प्रकरण शिकवण्याच्या हेतूने रचलेले आहे. ॲनोरेक्झिया नर्व्होसा, म्हणजे खाणे कमी करत करत माणसाला उपासमारीपर्यंत नेणारा मानसिक आजार, असलेल्या अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टी त्यात एकत्र केल्या आहेत. ते कोणा एका कुटुंबाचे चित्र नाही. मुलीचे वजन किलोमध्ये आणि आहार कॅलरीमध्ये येथे मुद्दाम दिलेला नाही. हा आजार असलेली मुले असा मजकूर शोधून वाचतात आणि दुसऱ्याच्या आजाराचा आकडा त्यांच्यासाठी गाठायचे लक्ष्य बनतो.

घर

कुटुंब केळी उत्पादकाचे होते. वडील बागेचे आणि कापणीचे काम पाहत. माल भरायचा असला की रात्री दहा-अकरापर्यंत घराबाहेर असत. आई, अकरा वर्षांचा धाकटा भाऊ आणि वडिलांची आई अशी बाकी माणसे. कोठीच्या किल्ल्या आजींच्या कमरेला होत्या, आणि ही साधी गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

आदल्या वर्षी वडिलांना मधुमेह निघाला होता. डॉक्टरांनी तेल-साखर कमी करायला सांगितले, तेव्हा मुलीने ती जबाबदारी स्वतःकडे घेतली. आधी वडिलांच्या ताटातील भात गेला, मग तिच्या स्वतःच्या. खिचडीवर कच्चे तेल ओतून घेण्याची घरची रीत तिने मोडली. सोमवार सुरू झाला, नंतर चतुर्थी, नंतर एकादशी. लग्नकार्यात भेटलेल्या नातेवाइकांनी आधी तिच्या बारीक होण्याचे आणि मग भक्तीचे कौतुक केले. उपवासाच्या दिवशी न खाण्याचे कारण कोणी विचारत नाही. आजाराला याहून सोयीची जागा आपल्याकडे दुसरी मिळणार नाही.

पाळी थांबली तेव्हा आई तिला दवाखान्यात घेऊन गेली. त्यानंतरचे चार महिने तपासण्यांत गेले: जंताची गोळी, पित्ताचे औषध, सोनोग्राफी, थायरॉइड, क्षयाची शंका. एका ठिकाणी पाळी येण्यासाठी हार्मोनच्या गोळ्या दिल्या गेल्या, त्यांनी रक्तस्राव झाला आणि सगळ्यांना हायसे वाटले. खरे तर गोळ्यांमुळे झालेला तो स्राव शरीर सावरल्याची खूण नव्हता; त्याने फक्त खरी खूण झाकली गेली. जेवणाबद्दल विचारले की मुलगी “पोटात जड वाटते” एवढेच सांगे. “मला जाड व्हायचे नाही” हे वाक्य तिने कधी उच्चारले नाही, म्हणून ॲनोरेक्झिया नर्व्होसाचा विचार कोणाच्या मनात आला नाही. भारतातील आणि पूर्व आशियातील नोंदींत वजनाची भीती बोलून न दाखवणारे रुग्ण पूर्वीपासून आढळतात. पाठ्यपुस्तकातील वाक्य कानी पडण्याची वाट पाहिली, तर अशा मुली निदानातून निसटतात.

जूनच्या मध्यात ती शाळेच्या दारात चक्कर येऊन पडली. तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञांनी नाडी मोजली, तर ती जागेपणी मिनिटाला ४६ होती. तिचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) त्या वयाच्या मुलींच्या मध्यम बीएमआयच्या ७५ टक्क्यांहून किंचित खाली होता. दिवसा जागेपणी ५० पेक्षा कमी नाडी आणि ७५ टक्क्यांखालचा बीएमआय ही दोन्ही रुग्णालयात दाखल करण्याची मान्य कारणे आहेत. त्यामुळे तिला त्याच दिवशी जळगावला हलवण्यात आले.

ती तेथे नऊ दिवस राहिली. आता भरपूर खाऊ घाला, अशी आईची घाई होती, पण डॉक्टरांनी आहार पायरीपायरीने वाढवला आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम वारंवार तपासले. दीर्घ उपासमारीनंतर शरीरात एकदम अन्न गेले की ही द्रव्ये रक्तातून झपाट्याने पेशींत ओढली जातात आणि हृदयाची लय बिघडू शकते. नाडी स्थिरावल्यावरच घरी पाठवण्याचा आणि ऑनलाइन उपचाराचा विषय निघाला. हा क्रम सांगणे आवश्यक आहे. ऑनलाइन उपचार रुग्णालय टाळण्यासाठी निवडला गेला नव्हता. रुग्णालयाचे काम संपल्यावर तो सुरू झाला.

उपचाराची निवड

कुटुंबाधारित उपचाराची पद्धत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात आकाराला आली आणि तिची पहिली नियंत्रित चाचणी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. किशोरवयीन मुलांचे वजन भरून काढण्याचे काम या पद्धतीत आईवडिलांकडे सोपवले जाते. आजार का झाला, याचा शोध सुरुवातीला घेतला जात नाही आणि कोणालाही दोष दिला जात नाही. पहिल्या टप्प्यात काय, किती आणि केव्हा खायचे हे आईवडील ठरवतात, दुसऱ्यात तो अधिकार हळूहळू मुलाकडे परत जातो आणि तिसऱ्यात वयाला साजेशा इतर प्रश्नांकडे वळले जाते. साधारण वीस सत्रे आणि सहा ते बारा महिने असा तिचा आवाका असतो. अमेरिकेत १२१ किशोरवयीन रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, उपचार संपल्यानंतर एका वर्षाने या पद्धतीतील ४९ टक्के रुग्ण पूर्ण बरे होते; वैयक्तिक उपचाराच्या गटात हे प्रमाण २३ टक्के होते. म्हणजे निम्म्या घरांत एवढ्याने भागत नाही, आणि आईवडिलांना हे पहिल्याच दिवशी सांगावे, असे माझे मत आहे.

या पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेल्या चिकित्सक मानसशास्त्रज्ञ पुण्यात होत्या. रावेरहून दर आठवड्याला सगळ्या कुटुंबाने पुण्याला जाणे शक्य नव्हते. त्यामुळे काम तीन ठिकाणी वाटले गेले: पुण्याहून व्हिडिओवर सत्रे, तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे दर आठवड्याला नाडी, रक्तदाब व गरजेनुसार रक्ततपासणी, आणि जळगावच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेट. २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टरांना अल्पवयीन रुग्णाला दूरस्थ सल्ला ओळख पटलेल्या प्रौढ व्यक्तीच्या सोबतीनेच देता येतो. येथे तर आईवडिलांची हजेरी हाच उपचार होता.

लेखी ठरवलेल्या अटी कडक होत्या. नाडी पुन्हा ५० च्या खाली गेली, चक्कर आली, सलग दोन जेवणे पूर्ण नाकारली किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा झाली, तर पुढच्या सत्राची वाट न पाहता थेट रुग्णालय. ॲनोरेक्झियातील मृत्यूंत आत्महत्येचा वाटा मोठा असल्यामुळे शेवटची अट केवळ औपचारिक नव्हती. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला मुलगी नेमकी कोठे बसली आहे, हे विचारले जाई, कारण पुण्यात बसून मदत पाठवायची तर पत्ता हवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आईच्या मोबाईलमध्ये नोंदवून घेतला गेला.

दुसरे सत्र

पहिल्या सत्रात वडिलांनी विचारलेला प्रश्न असा होता, “मॅडम, शिकलीसवरली पोरगी आहे, समजावून सांगितलं तर ऐकणार नाही का?” मानसशास्त्रज्ञांनी उत्तरादाखल मिनेसोटा विद्यापीठातील प्रयोग सांगितला. १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले गेले, तेव्हा तेही चिडचिडे आणि एकलकोंडे झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली, आणि पूर्वी स्वयंपाकाशी संबंध नसलेली माणसे पाककृतींची पुस्तके जमवू लागली. स्वेटर, पोळ्या लाटणे, रात्री मोबाईलवर पाककृतींचे व्हिडिओ पाहणे, यांचा अर्थ वडिलांना त्या एका गोष्टीतून लागला. उपाशी मेंदूला समजावून फारसा उपयोग होत नाही. आधी अन्न, मग बोलणे.

आजाराला मुलीपासून वेगळे पाहायचे, हे या पद्धतीचे दुसरे सूत्र. त्यासाठी शब्द वडिलांनीच काढला. केळीच्या पानांवर करपा आला की शेतकरी झाडाला शिव्या देत नाही, रोगट पान कापतो आणि फवारणी करतो. त्या दिवसापासून घरात “करपा बोलतोय” असे म्हटले जाऊ लागले. मुलीला तो शब्द अजिबात आवडला नाही, पण तो वापरल्यामुळे आईचा आवाज चढणे कमी झाले, हे तिनेच पुढे मान्य केले.

दुसऱ्या सत्रात कुटुंबाने चिकित्सकासमोर बसून जेवायचे असते. दवाखान्यात त्यासाठी डबा आणावा लागतो. येथे नेहमीचेच जेवण नेहमीच्याच जागी होते. वडिलांचा मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवून असा ठेवला होता की ताटे आणि चेहरे दोन्ही दिसावेत. मुलीचा मोबाईल वापरायचा नाही, हे आधीच ठरले होते, कारण खाण्याची मोजदाद करणारे ॲप त्यातच होते. पानात कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, वरण आणि दही होते. सत्राचे उद्दिष्ट माफक असते: मुलीने खायचे ठरवले असेल त्यापेक्षा किमान एक घास जास्त, आणि तो आईवडिलांच्या आग्रहाने.

पाऊण तास भाकरी ताटात तशीच होती. आई समजावत होती, वडील गप्प होते. मग पडद्याच्या डाव्या कडेतून एक हात आला, ताटातील अर्धी भाकरी उचलून गेला, आणि मागून आवाज आला, “लेकराले इतकं जबरी कायले करता?” मुलीने उरलेल्या भाकरीलाही हात लावला नाही.

माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच आहे, आणि तो चिकित्सकाच्या चुकीतून आला. ही पद्धत प्रामुख्याने आईवडील आणि मुले एवढ्याच घरांसाठी लिहिली गेली आहे. मानसशास्त्रज्ञांनी निमंत्रण देताना तेवढीच माणसे मोजली. आजी पंगतीत असूनही चौकटीबाहेर राहिल्या. हेच जेवण पुण्यातील खोलीत झाले असते, तर आजी रावेरला असत्या, आईवडिलांनी कदाचित तो जास्तीचा घास भरवलाही असता, आणि घरी परतल्यावर रोज अर्धी भाकरी का परत जाते, हे कोणाला महिनाभर कळले नसते. ऑनलाइन सत्रांचा तोटा म्हणून ज्याचा उल्लेख होतो, म्हणजे घरातील माणसांची ये-जा, तिनेच येथे खरी अडचण दाखवून दिली.

तिसऱ्या सत्रात मोबाईल थोडा मागे सरकवला गेला आणि आजींना नाव घेऊन बोलावण्यात आले. त्यांना शिकवायला न जाता मानसशास्त्रज्ञांनी विचारले, “आजी, घरातलं बाळंतपण, आजारपणानंतरचं पथ्यपाणी कोण पाहत आलंय?” आजींनी अर्धा तास उत्तर दिले. नंतरच्या आहाराचा बराचसा भाग त्या अर्ध्या तासातून आला: तूप घातलेली बट्टी, दाण्याचे कूट घातलेले भरीत, खिचडीवरचे कच्चे तेल, दूध आणि केळी. खानदेशी जेवणात थोड्या घासांत जास्त ताकद देणारे पदार्थ मुबलक आहेत, त्यामुळे बाजारातील महागड्या पावडरींची गरज पडली नाही. केळीने भरलेल्या घरात मुलीला सर्वांत जास्त भीती केळ्याचीच वाटत होती. ते सहाव्या आठवड्यात, शिकरणातून, सुरू झाले.

काटा

सुरुवातीचे वजन घरच्या काट्यावर होई. तिसऱ्या आठवड्यात चार दिवसांत दीड किलोहून अधिक वाढ दिसली आणि घरात आनंद झाला. मानसशास्त्रज्ञांना मात्र ती वाढ खाल्लेल्या अन्नाशी जुळेना. काट्याला फसवण्याच्या युक्त्या येथे लिहिण्याचे कारण नाही. बालरोगतज्ज्ञांनी त्याच दिवशी लघवीची घनता तपासली आणि ती पाण्याइतकी पातळ निघाली; म्हणजे ती वाढ अन्नाची नव्हती. मुलीला कोणी खोटारडी म्हटले नाही. वजनाची जागा तेवढी बदलली: दर मंगळवारी सकाळी, शौचानंतर, त्याच हलक्या कपड्यांत, आरोग्य उपकेंद्रात, आरोग्यसेविकेसमोर. आकडा मानसशास्त्रज्ञांना कळवला जाई आणि सत्राच्या आरंभी आलेखावर टिंब मांडून सर्वांना दाखवला जाई.

पहिल्या चार आठवड्यांत सव्वादोन किलोच्या आसपास वाढ झाली, तर पुढे बरे होण्याची शक्यता चांगली मानली जाते. या मुलीची खरी वाढ तोवर जेमतेम सव्वा किलो होती. पाचव्या सत्रात वडिलांना थेट विचारण्यात आले की संध्याकाळच्या जेवणाला ते आठवड्यातून किती दिवस घरी असतात. उत्तर दोन होते. वडिलांनी माल भरण्याचे काम तीन महिन्यांसाठी चुलत भावाकडे सोपवले. ऑनलाइन सत्राने प्रवास वाचवला, एवढेच आपण मोजतो. संध्याकाळी साडेसातला पाटावर बसण्याचा वेळ कोणतेही ॲप वाचवून देत नाही. पुढच्या चार आठवड्यांत वाढ जवळजवळ दुप्पट झाली.

भावाला जेवणाबाबत काही बोलायचे नाही, असे सांगितले होते. त्याचे काम जेवणानंतरचे. ताट संपले की तो कॅरम मांडी, आणि तासभर मुलगी एकटी राहत नसे.

व्हिडिओच्या खऱ्या मर्यादा वेगळ्याच ठिकाणी जाणवल्या. पावसाळ्यात वीज गेली की नेटवर्कही जाई. एकदा सत्र नुसत्या फोनवर घेऊन पाहिले, पण ताट दिसत नसताना त्याचा उपयोग झाला नाही, आणि तशी सत्रे पुढे ढकलण्याचे ठरले. अधिक कठीण प्रश्न एकांताचा होता. प्रत्येक सत्रातील पहिली दहा मिनिटे मुलीची एकटीची असतात, आणि त्या घरात दार लागेल अशी खोली एकच होती, तिच्या दाराशी कोणी ना कोणी घुटमळत असे. शेवटी ती इअरफोन लावून ऐके आणि उत्तरे टाइप करी. “कधी कधी वाटतं झोपेतून उठूच नये” हे तिने आठव्या आठवड्यात असेच टाइप केले. मानसशास्त्रज्ञांनी तिला सांगूनच आईला आत बोलावले, आणि जळगावची भेट दुसऱ्याच दिवशी झाली. ॲनोरेक्झिया बरा करणारे कोणतेही औषध उपलब्ध नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी जोखीम तपासली, घरातील कीटकनाशके कुलपात ठेवायला लावली, आणि औषधाची घाई केली नाही. शेतकऱ्याच्या घरात हा कुलपाचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

श्रावण

श्रावण आला तेव्हा उपवासाचा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिला नाही. मुलगी म्हणाली, आजारासाठी जेवते, पण सोमवार माझा आहे. आई डळमळली. देवाच्या गोष्टीत “नाही” कसे म्हणायचे?

तोडगा आजींनी काढला. व्रताने न मोडणाऱ्या आठ गोष्टी परंपरेने मोजल्या आहेत: पाणी, कंदमुळे, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. आजींना श्लोक पाठ नव्हता, पण आशय कीर्तनांतून ऐकून माहीत होता. त्या म्हणाल्या की डॉक्टरीण बाई जेवणालाच औषध म्हणतात, तर औषधाने सोमवार मोडत नाही; जेव आणि बेल वाहा. मानसशास्त्रज्ञांना असे काही सुचले नसते, आणि सुचले असते तरी त्यांच्या तोंडून ते कोणी ऐकले नसते.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, खानदेशात घरोघरी बसवली जाणारी देवी, बसली. घरातील माणसागणिक गहू घेऊन रोट, म्हणजे पुरणपोळीचा प्रसाद, होतो आणि तो घरच्यांनीच संपवायचा असतो, तेव्हा मुलीच्या नावाचेही गहू दळले गेले. तिने पुरणपोळीला हात लावायला नकार दिला, ताट सरकवले, रडली. तिच्या वाट्याचा रोट दुसऱ्या कोणी खाल्ला नाही, आणि आजींचा हात या वेळी मांडीवरच राहिला. दोन्ही बाजूंना आईवडील बसून होते. सव्वा तासात अर्धी पोळी गेली. दुसऱ्या दिवशीच्या सत्रात वडील म्हणाले, “अर्धीच खाल्ली.” आणि आई म्हणाली, “अर्धी खाल्ली.”

हातात परत

ऑक्टोबरपर्यंत बीएमआय मध्यमाच्या ८८ टक्क्यांवर आला. दुसरा टप्पा सुरू करताना शाळेतील डबा आणि दुपारचे खाणे मुलीकडे सोपवले गेले. ते घाईचे ठरले. नवरात्रात वजन ८०० ग्रॅमने उतरले, रात्री अंधारात व्यायाम चालू असल्याचे भावाने सांगितले, आणि दोन्ही वेळचे खाणे तीन आठवड्यांसाठी आईवडिलांकडे परत आले. मुलीला तो अपमान वाटला. दुसऱ्यांदा सोपवताना एका वेळी एकच खाणे दिले गेले आणि डबा शाळेत वर्गशिक्षिकांच्या शेजारी उघडला जाऊ लागला.

पाळी जानेवारीत, कोणत्याही गोळीशिवाय, आली. मार्चपर्यंत बीएमआय ९५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावला आणि सत्रे महिन्यावर गेली. नाडी ६८ होती. स्वयंपाकघरातील तिची सत्ता गेली होती. पोळ्या आई लाटत होती. काही भीती टिकून होत्या: लग्नाच्या पंगतीत ती अजून बसत नाही, आणि आपण “भरली” असे कोणी म्हटले की त्या दिवशी ताट रेंगाळते.

विसावे सत्र पुढच्या जूनमध्ये झाले. आजी पडद्याच्या मध्यभागी बसल्या होत्या. मुलीने येत्या श्रावणातील सोमवारचा विषय काढला. वडिलांनी लगेच उत्तर न देता आईकडे पाहिले, आणि दोघांनी “यंदाही नाही” असे सांगितले. मुलगी उठून आत गेली आणि पंधरा मिनिटांनी परत येऊन बसली. पुढची भेट तीन महिन्यांनी ठरली आहे. उपकेंद्रातील वजन महिन्याच्या पहिल्या मंगळवारी चालू आहे.